मडक्यातली आई

आई,

आज सकाळपासून मी मुलांसाठी ऑक्टोपसवर लिहिते आहे. त्याला हाडं नसतात, हृदयं मात्र तीन असतात, कपारीत शिरला की दगड-शिंपले ओढून तो दार लावून घेतो, इथवर सोपं गेलं. पुढं अंड्यांपाशी आले आणि तू आठवलीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं अडतं ते तुझ्याच चुलीपाशी.

लढाई संपून दादा, तुझे 'आवं', पलटणीबरोबर इटलीहून घरी आले, त्या थंडीतली गोष्ट. साताऱ्याकडच्या आपल्या गावात समुद्र दुसऱ्या कुणी पाहिलेला नव्हता. तू भाकरी थापते आहेस, चुलीत उसाची चिपाडं जळताहेत, आणि आम्ही भावंडं दादांना चिकटून ऐकतो आहोत. तिकडचे कोळी मडक्यांना दोर बांधून समुद्राच्या तळाशी सोडतात. आठ हातांचा तो प्राणी आयतं घर मिळालं म्हणून आत बसतो आणि मडक्यासकट वर येतो. "एकात तर लेकुरवाळी निघाली," दादा म्हणाले. "वर अंड्यांच्या माळा, तांदळाएवढी अंडी. म्हाताऱ्या कोळ्यानं मडकं तसंच परत सोडलं. ती म्हणं अंडी कुरवाळती, त्यांच्यावर पानी फुंकती, दार सोडत न्हाई."

तव्यावरची नजर न काढता तू विचारलंस, "आवं, पर ती जेवती कवा?"

"जेवत न्हाई. पोरं भाईर पडली की मरती."

"लय शानी!" तू म्हणालीस.

सगळ्यांचं झाल्यावर तू उरलंसुरलं खातेस, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मी ताटावरून उठले. दोन-तीन दिवस अर्धी भाकरी टाकतेय हे बघून तू मला दंडाला धरून चुलीपाशी बसवलंस.

"काय दुखतंय गं?"

"काय न्हाई. मला मोठं व्हायचं न्हाई. मी मोठी झाले की तू मरशील. त्या मडक्यातल्या आईवानी."

तू हसली नाहीस. "आवं, ऐकलं का? आणा आणखी गोष्टी लढाईवरनं!" असं दादांना सुनावलंस, ताट ओढलंस आणि माझ्यासमोर बसून भाकरीचा मोठा तुकडा मोडलास. "बघ, मी जेवती. आता तू जेव."

आजी दारातूनच म्हणाली, "आज सूनबाई आधी?"

"व्हय आत्याबाई. पोरगी माझ्याबिगर खात न्हाई."

तेव्हापासून आपण दोघी एका ताटात. उन्हाळ्यापर्यंत तुझ्या बांगड्या घट्ट झाल्या, आणि दादा चिडवायचे, "आता हिला मडकं पुरायचं न्हाई." मी मोठी झाले, तरी तू गेली नाहीस. माझ्या लेकरांनाही तू न्हाऊ घातलंस.

लेखाचा शेवट मी खराच लिहिला आहे. पिल्लं पाण्याबरोबर तरंगत जातात, वाढली की तळाशी उतरतात, आपापले दगड शोधतात, आणि आई मागं उरत नाही. पण वाचून दाखवताना एखाद्या मुलीनं तुझा प्रश्न विचारला, तर मी तिला आधी विचारीन, तुझी आई कधी जेवते गं?

हे पत्र पाठवायला ठिकाण नाही, ऑक्टोपसच्या कागदांखाली ठेवते. इथल्या, माधवनगरच्या गिरणीचा दुपारचा भोंगा केव्हाच होऊन गेला. घरातली सगळी जेवून आपापल्या कामाला लागली. मी अजून जेवलेले नाही, आई. उठते.