गव्हाच्या कोठीतलं कुलेन

ओसियेक, १२ जानेवारी २०१०

ती. ब्लाझकाकांना,
यासेन्काचा सा. न. वि. वि.

आम्ही खुशाल आहोत. आपल्या कुलेन सॉसेजला सरकारी शिक्का मिळावा म्हणून गावाच्या मंडळानं अर्ज केलाय. सोबतच्या कागदावर प्रत्येक घरानं कुलेन कधीपासून भरतो ते लिहायचंय, शिक्क्याला जुनी परंपरा लागते. तुमचा तेवढा राहिलाय. शेजारच्या अडामकाकांनी पणजोबांपासून लिहिलंय. कागद नाही त्याला शिक्का नाही, आणि शिक्क्याशिवाय जत्रेत कुलेन म्हणून विकता येणार नाही. डुक्कर धरताना न घाबरणारा माणूस कागद धरायला का घाबरतो, असं आई विचारते.

तुमची लाडकी,
यासेन्का

ब्रेस्तिक, १९ जानेवारी

चि. यासेन्का हिला अनेक आशीर्वाद.

पाच दिवस दक्षिणेचा दमट वारा आहे. धुरीघरात एकोणीस कुलेनं टांगली आहेत. ती नासतील या धास्तीनं मला जेवण जात नाही. त्यात तुझा कागद. 'पूर्वापार' असं लिहिलं आणि फाडलं.

सेहेचाळीस साली आपण झागोर्येच्या डोंगरातून मालगाडीनं इथं आलो. मी सात वर्षांचा, तुझा बाप कडेवर. हे घर जर्मन माणसांचं, त्यांना युद्ध संपल्यावर हाकललेलं. माळ्यावर गव्हाची कोठी होती. आईनं हात घातला तर काहीतरी जड, गोल, दोरीनं बांधलेलं लागलं. तशी दोन होती. बाबा म्हणाले, सुरुंग आहे, हलू नका. एक त्यांनी घमेल्यातून शेतात नेऊन ठेवलं आणि आम्ही सगळे चरात पालथे पडून राहिलो. शेवटी कुत्रं आलं आणि खाऊन गेलं.

दुसरं आईनं कापलं. आत लाल मिरची-लसणाचं मांस. सॉसेज आमच्या डोंगरातही व्हायची, पण बोटाएवढी. पोराच्या डोक्याएवढं कुणी पाहिलं नव्हतं. आईनं तीन हिवाळे करून पाहिलं, तिन्ही खेपेला सडलं. सरकारी शेतावर राबायला काही जर्मनांना मागं ठेवलं होतं. त्यांतली रेझी एकदा कुंपणाशी थांबली आणि म्हणाली, अगं बाई, एवढा जाळ कशाला? मांस वाळवतेस की शिजवतेस? घर तिचंच होतं. ती आत आली. आतडं ठासून कसं भरायचं, थंड धुरात महिनोन्‌महिने कसं टांगायचं ते तिनं शिकवलं. गल्लीतल्या धुराड्यांकडं बोट दाखवून कोणत्या घरी आधी कोण राहायचं, कसं भरायचं तेही सांगायची. एक्कावन्न साली ती जर्मनीला गेली.

आता मी काय लिहू? खरं लिहिलं तर शिक्का जाईल. उत्तर लगेच दे, मला झोप नाही.

तुझा,
ब्लाझकाका

ओसियेक, २६ जानेवारी

ती. काकांना सा. न. वि. वि.

मंडळाच्या अध्यक्षबाईंना तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, सगळी गल्ली त्याच गाडीनं आली हे कुणाला माहीत नाही? पण एकानं लिहिलं की बाकीच्या बावीस कागदांवर बोट ठेवतील. म्हणून १८९० साल टंकलेला कागद पाठवतेय. फक्त सही करा. रेझीबाई काही विचारायला यायच्या नाहीत.

तब्येतीला जपा.
यासेन्का

ब्रेस्तिक, ४ फेब्रुवारी

चि. यासेन्का हिला आशीर्वाद.

कागद सहीशिवाय परत पाठवतोय, रागावू नकोस. दुसरा माझ्या हातानं लिहिलाय: एकोणपन्नास सालापासून, रेझीकडून शिकलो, तिच्या घरी किती जुनं होतं ते ठाऊक नाही. नाकारतील तर नाकारोत.

मी खरं लिहिलंय हे अडामला कळलंच. रविवारी दारातूनच ओरडत आला: थेरड्या, चळलास, गावाची अब्रू घालवलीस. मी त्याला बसवलं आणि कुलेन कापलं. अर्धं संपेपर्यंत तो शिव्या देत होता, मग त्यानं टोपी हातात घेतली. विचारलं, आमच्या घरात कोण राहायचं, काही म्हणायची का ती रेझी? मी सांगितलं, लोरेन्झ नावाचा शिंपी, मिरची कमी घालायचा. अडामनं पकडलं जायच्या भीतीनं मंडळातून परत आणलेला आपला कागद खिशातून काढला आणि कोपऱ्यात ते नाव लिहिलं. शिसपेन्सिलनं, खोडता येईल इतकं हलकं.

म्हाताऱ्यावरची माया आटू देऊ नकोस.
ब्लाझकाका