आबांची बियाची पुडी

तीर्थरूप अप्पाराव मामांस,

काकासाहेबचा पायाला हात लावून नमस्कार (प्लास्टरच्या नव्हे, दुसऱ्या).

परवा आबांच्या दहाव्याला, नदीवरून सगळे घरी परत आल्यावर पावणेअकराच्या सुमारास द्वारकाबाईने कमरेची पिशवी सोडून कागदाची एक पुडी बाहेर काढली. मामा, त्या मिनिटाला माझं आयुष्य उलटंपालटं झालं. घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घ्या. तुमचा पाय कसा आहे? मोटारसायकल सरळ झाली का? मामी दूध देते ते टाकू नका. तुम्हाला दहाव्याला येता आलं नाही, ते देवानेच केलं म्हणायचं.

आबा कसे होते ते तुम्हाला माहीतच आहे. घराला छप्पर असतं हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. बाज मळ्यात, अंघोळ पाटावर, जेवण बांधावर. लग्नात कुणी फेटा बांधायला आलं की माणूस चुलवणापाशी लाकडं फोडताना सापडायचा. टिटवीची अंडी दिसली तर तेवढं शेत न वखरता सोडायचे. आणि बदनापूरच्या बाजाराला एष्टी असताना पायी जायचे, कारण रस्त्यात सतरा घरं लागत आणि सतरा घरी बी द्यायचं असे. दोडका, कारलं, भोपळा, वाल. पैसा घ्यायचे नाहीत. ‘वेल चढला की सांग, बघायला येतो,’ एवढाच मोबदला.

आता माझं ऐका (रागावू नका, रागवायला बाप आहेच). जालन्याला बीएस्सीला असताना मी एका मुलीला वर्षभरात अकरा पत्रं लिहिली. नाव बेबीनंदा. बदनापुरात तुमच्याच गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर राहते. (हो, तीच. म्हणूनच गेल्या दिवाळीत मी तुमच्याकडून तीनदा दळण आणलं. तुम्ही मला कष्टाळू समजला होतात.) पोस्टाने पाठवली तर तिच्या बापाच्या हाती पडणार. म्हणून आबा. आबांवर कोण संशय घेणार? पत्राची चारी बाजूंनी घडी घालायची, नाव फुटू नये म्हणून वर फक्त ‘बी’ लिहायचं (गिरणीवरची बेबी आबांना ठाऊक, ते ओळखतील असं मी धरून चाललो) आणि खाली सही, ‘तुझाच के’. शनिवारी घरी आलो की आबांच्या हातात द्यायचं. पहिल्यांदा मी खाली मान घालून म्हटलं, “आबा, बाजाराला चाललात तर हे पोचवा. कुणाला ते वर लिहिलंय.” आबांनी कागद लांब धरला, बोट फिरवलं आणि मोठ्याने वाचलं, “ब-ला दुसरी वेलांटी, बी! समजलं मला. शहाणा हाईस.” आणि असे हसले की मी लाजून गोठ्यात पळालो.

मामा, आबा साक्षरता वर्गाला अकरा दिवस गेल्ते. त्यात त्यांना एकच शब्द नीट वाचता येऊ लागला, आणि तो नेमका मी लिहून बसलो.

त्यांना वाटलं, नातू बियाला पुड्या करून देतोय! अकराच्या अकरा पत्रांत त्यांनी बी भरलं आणि वाटून टाकलं. इकडे मी उत्तराची वाट बघून बघून खंगलो, ही मुलगी दगड आहे असं ठरवलं आणि त्याच तिरमिरीत प्रयोगशाळेत सरांशी भांडून कॉलेज सोडलं. तिला एक ओळसुद्धा मिळाली नव्हती!

तर द्वारकाबाई (वय अडुसष्ट, दात दोन) भरल्या डोळ्यांनी म्हणाली, “आबांनी भोपळ्याचं बी दिल्तं. वर काहीतरी लिवलंय त्यांनी. गुरुजी, वाचा की जरा, आठवण हाय.” साक्षरता वर्ग घेणारे सर्जेराव गुरुजी उठले. कारभारीने (आबांना ते नावानेच हाक मारत) लिहिलं, म्हणजे वर्गाची कमाई! त्यांनी चष्मा लावून खणखणीत वाचलं, “लाल ओढणी घेऊन तू खिडकीत आलीस की माझ्या काळजात रेल्वे शिट्टी मारते. तुझाच के.”



“माझ्याकडं लाल ओढणी कवा होती वं?” द्वारकाबाई म्हणाली.

तेवढ्यात मागून आवाज आला, “पुडी तर मला बी दिल्ती!” मंग काय, चार जणी घराकडं पळाल्या. दुपारपर्यंत पाच पत्रं वाचून झाली. के म्हणजे कारभारी, यात कुणालाच शंका नाही. गुरुजींच्या हातातला कागद हिसकावायला मी उठलो, तर बापाने दंड धरून खाली बसवलं, “आबाच्या अब्रूचा प्रश्न हाय, तू मधी तोंड घालू नको.” आणि मी, एरवी कंडक्टरच्या अंगावर धावून जाणारा माणूस, गप्प बसलो. आजही गप्पच आहे.

आजी मात्र आबांचा फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवून बसलीय. काल रात्री नुसतं एवढंच म्हणाली, “साऱ्या गावाला दिल्या. माझ्या नावाची एखादी राह्यली असंल तर बघ रं.”

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
काकासाहेब

ता. क. – आबांनी श्रावणात तुम्हालाही दोडक्याचं बी दिलं होतं. तो कागद फडताळात असेल. श्रावणात मी आबांना दिलेलं ते सातवं पत्र, सगळ्यांत चांगलं, त्यात लग्नाचं विचारलंय. न वाचता गिरणीच्या वर पोचवा. पायाला प्लास्टर आहे हे माहीत आहे, पण जिना बाराच पायऱ्यांचा आहे, मी मोजलाय.

ता. क. दुसरा – पत्र चिकटवणार होतो, पण आत्ता मळ्यात आबांच्या बाजेखालची गाठोडी सोडून आलो. त्यात अकरावी पुडी निघाली. आत वाळकाचं बी आहे. घरात वाळूक एकटी आजीच खाते, मामा, बाकी कुणी तोंड लावत नाही.

आजी ओसरीवर आहे, शेजारी बापही आहे, आणि बैलाचं दावं त्याच्या हाताशीच आहे. असू दे. आजीला सांगतो, कागद माझा, बी आबांचं. फोटोही सरळ करतो. पुडी खिशात घातलीय. दार ओढून घेतो, नाहीतर कोंबडी येऊन या पत्रावर बसेल. निघालो.