पावती नसलेली खोली

१२ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

तुझं शिवणयंत्र अजून भांडतं का तुझ्याशी, की आता दोघीही थकलात? तुझा भाचा मजेत आहे.

एक तारखेपासून नवा भाडेकायदा लागू होतोय, ऐकलं असशीलच. पाच वर्षं राहिलेल्या भाडेकरूला आता मालकही हलवू शकत नाही. त्यावरून इथले लोक माझी टर उडवतात, की मी सख्ख्या बहिणीकडूनही भाडं उकळतो! डोकंच फिरलं माझं. खरं काय ते तूच स्वतःच्या हातानं लिहून पाठव, म्हणजे त्यांची तोंडं बंद होतील.

गुडघ्यांना जप. या भावावर माया असू दे.

तुझा,
धाकटा

१८ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

कोण रे ते मेले, जिभेला हाड नसलेले? दाखव त्यांना हे पत्र. अठरा वर्षं मी तुझ्या घरात राहते आणि तू माझ्याकडून एक पैसाही घेतलेला नाहीस. पहिल्याच महिन्यात भाडं पुढे केलं, तर तू दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतास.

शेजारच्या खोलीतल्या मास्तरीणबाई दर महिन्याला भाडं भरतात, पावती घेतात. त्या माझ्या मागेच लागल्यात. परवा दोन माणसं टेप लावून भिंती मोजून गेली, घर विकायला निघालंय म्हणे. एक तारखेच्या आत भावाकडून पावती घ्या, नाहीतर कायद्याच्या लेखी तुम्ही कुणीच नाही, असं त्यांचं म्हणणं. मी चांगलंच झापलं त्यांना. भावाकडे कुणी पावती मागतं का?

पण खरं सांगू, आतून घाबरलेय रे. बासष्टाव्या वर्षी मशीन उचलून कुठे जाऊ? गिऱ्हाइकं याच दाराशी येतात. एकदा येऊन जा, म्हणजे जीव भांड्यात पडेल.

सुखी राहा, मला विसरू नकोस.

तुझी,
ताई

२५ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

किती मनापासून लिहिलंस गं! माझ्या वकिलांनी तर पत्र दोनदा वाचलं. तू भाडेकरू नाहीस हे तुझ्याच अक्षरात मिळाल्यावर त्यांना आणखी काही नको आहे.

मास्तरीणबाईंना आता हलवता येणार नाही, त्यांच्याकडे पावत्या आहेत. घर घेणाऱ्याला निदान तुझी खोली तरी रिकामी हवी. एकतीस तारखेला किल्ली मास्तरीणबाईंकडे ठेव. मला यायला जमणार नाही.

मशीन जड आहे, एकटीनं उचलू नकोस. आहे ती माया कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा