एका भोंग्यात दोन आवाज

जळकोट,
श्रावण, सन १९४५

प्रिय चन्नू,

तुझी अज्जी शिवम्मा अजून जिवंत आहे. विसरला असशील, म्हणून आधीच सांगून टाकते. सोलापुरात लोकांचे रेडिओ दुरुस्त करतोस म्हणे. मठासाठी दुसरा माईक धाडलास, जोडणीचा कागद धाडलास, कागदावर रंगीत पट्ट्यांच्या कांड्या दोन काढल्यास आणि पुडीत निघाली एकच! रेझिस्टर म्हणतात तिला, तुझ्या बायकोनं, नागम्मानं सांगितलं. खुशालीची ओळ तर एकही न्हाय.

व्हय, जोडणी नागम्मानंच केली. तुझा कागद वाचता यावा म्हणून चार महिने उत्तरेश्वर मास्तरांच्या बायकोकडं अक्षरं शिकत होती. हे पत्रही तीच लिहितेय, म्हणून तारीफ आवरती घेते. लाजून अर्धी गाळून टाकायची.

मठातल्या आवाज मोठा करायच्या यंत्राला माईक जोडायचं तोंड एकच. पुराण वाचणारे महालिंगप्पा आणि गाणारी रुद्रम्मा एकाच माईकपुढं डोकी आपटायचे, तू पाहिलंयस. हिनं आधी दोन्ही माईकच्या तारा सरळ एकत्र पिळल्या. महालिंगप्पांनी खोकायला म्हणून आपल्या माईकचं बटण बंद केलं, तर रुद्रम्माही मुकी झाली. बाई तोंड हलवतेय आणि भोंगा गप्प. आख्खा मठ हसला. मग हिनं खाटेखालचा तुझा मेलेला रेडिओ उघडला, रंग जुळवून दुसरी कांडी काढली. चुलीत सळई तापवून कथलाचा डाग दिला, प्रत्येक तारेत एक कांडी घातली आणि सगळं माझ्या तपकिरीच्या डब्यात बसवलं. तपकीर आता पदराच्या गाठीत असते.

मधे अडसर घालून आवाज सुधारतो कसा, म्या विचारलं. ती म्हणाली, थोडा कमीच होतो अज्जी, यंत्राची कळ जरा जास्त पिळायची; पण एक गप्प बसला म्हणून दुसऱ्याची वाचा जात न्हाय. काल मठात दोघंही स्वच्छ ऐकू आले. मी पायरीवर बसून होते. लोक घरी गेले तरी उठवेना. गुडघ्यांचं निमित्त सांगितलं सगळ्यांना.

आता पुढचं. नागम्मा, टाक थांबवू नको, सांगते तसं लिही. चन्नू, खोली घेतलीय, हिला धाड, असं तू दोनदा लिहिलंस. दोन्ही वेळा मी मास्तरांच्या घरी जाऊन उत्तर लिहवलं की हिला यायचं न्हाय. हिला कुणी विचारलंच नव्हतं. तुझी पत्रं आलेलीही हिला ठाऊक न्हायत. पाणी कोण ओढील, माझी पाठ कोण चोळील, एवढंच पाहिलं. तिसरं पत्र तू धाडलं न्हायस, आणि मी मोकळी झाले. तीन वर्षं ही पोर समजत होती की तूच हिला टाकलंस. आज कळतंय तिला, तेही स्वतःच्याच हातानं लिहिताना. लिहितेय अजून. माझ्याकडं बघत मात्र न्हाय.

सोमवारच्या मोटारीनं ती निघेल. पाण्याचं शेजारच्या कडूबाईशी बोलून ठेवलंय. मोटारतळावर तू स्वतः ये, दुसऱ्या कुणाला धाडू नको. मला माफ केलं की न्हाय ते लिहायची घाई नको. परतीच्या मोटारवाल्याजवळ शेंगाचटणी तेवढी दे, बारीक कुटलेली. कडक भाकरी धाडू नको, चावायला दात उरले न्हायत.

तुझीच थकलेली,
अज्जी