बकरीसंगं मी बी कोंडवाड्यात

चि. पौर्णिमाबाईले गंगूआजीचा वाशीमपावतर पोचन असा मोठा जय भीम. तुहा खोकला बसला असन. इकडं सारे खुशाल हायेत, अन् मी तं लयच खुशाल, कारण परवा दिवसभर कोंडवाड्यात होती. घाबरू नको, आपल्या पायानं गेली होती.

झालं असं का, आपली चांदी बकरी हिरालालच्या मेथीत शिरली. (मेथी बी मोठी कवळी होती, तिनं काय करावं.) त्यानं तिले कोंडवाड्यात टाकलं. मी पोचली तं तिथं ना सावली ना पाणी, अन् घरी तिचं नवं पिल्लू दुधासाठी ओरडून राह्यलं. राखणदार धनराज म्हणे, पंचायतीचे सचिव मिटिंगले गेले, दंडाची पावती उद्या फाटन, तवाच बकरी सुटन. उद्यापावतर पिल्लू जगते काय? मले तू फोनवर वाचून दाखवलेला तो कोंडवाड्याच्या नव्या कायद्याचा मसुदा आठवला: कोंडवाड्यात सावली पाह्यजे, पाणी पाह्यजे, दूधपित्या पिल्लाले मायपासून तोडायचं नाही. मी पिल्लू घेऊन आली. धनराज म्हणे, यानं कोनाचं नुकसान केलं नाही, याले आत घेता येत नाही.

मंग मी हिरालालकडं गेली, म्हटलं, पिल्लावर तक्रार दे. तो हसाले लागला. (त्याचा बाप बी असाच, कामाच्या टायमाले हसे.) मी त्याच्या डोयासमोर मेथीच्या दोन मुठी उपटल्या. त्यानं रागानं माह्यावरच तक्रार केली. म्हटलं, आता नुकसान मी केलं, मले तं आत घेता येते, अन् मी पिल्लू पदरात घेऊन थेट चांदीजवळ जाऊन बसली. पिल्लू पोटभर प्यालं. धनराज हात जोडून म्हणे, "आजी, तो कायदा अजून झाला नाही."

"पिल्लाची भूक तं झाली हाये ना?"

बायायनं पाण्याच्या घागरी आणल्या, दोन लुगड्यायचा मांडव केला. गाव पाहाले जमलं तसं धनराजनं बिनपावतीचं फाटक उघडलं. मी उठली नाही. धनराजनं आतल्या साऱ्या ढोरायवर ताडपत्री बांधली, टाकं भरलं, तवाच मी उठली.

तुही,
गंगूआजी

ता.क. खरं काम राह्यलंच. त्या मसुद्यावर लोकायच्या हरकती मागवल्या ना? माह्या नावानं एक टाक: मालकानं जनावर बांधून ठेवावं, हे कलम खोडा. चांदीले दोरी सोसत नाही. बाकी नियम एकदम बरोबर.

आणखी एक. हिरालालनं बी सूचना धाडली म्हणे, का कोंडवाड्यात म्हाताऱ्या बायायसाठी वेगळा कप्पा करा. त्याच्या इरुद्ध काही लिहू नको. फक्त कप्पा चांदीच्या बाजूले पाह्यजे, एवढं जोड.