तिसऱ्या मुलीचा डावा हात

आप्पा, लिहायला फार उशीर केला, रागावू नका. तुम्ही जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली आणि माझं पहिलं पत्र आज. एरवी लिहिलंही नसतं, पण सोमवारपासून जे विचारायचं आहे ते विचारायला तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. अक्षर वाकडं येईल, सांभाळून घ्या. तुम्ही बास्केटबॉलच्या कोर्टाच्या कडेला चुन्यानं काढून शिकवलेली ही मराठी अक्षरं आता घरात कुणाला वाचता येत नाहीत. मुलगा आपली भाषा बोलतो पण लिहितो तमिळमध्ये, सूनही तशीच, आणि नातीला सगळं समजतं पण उत्तर ती अर्धं तमिळमध्ये देते. म्हणून कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडाच ठेवून लिहितो आहे. मघापासून दोनदा उठून गॅस बंद आहे ना ते बघून आलो. बंदच होता.

आधी काय झालं ते सांगतो. आता हा खेळ खेळण्याचा पगार देणारे संघ निघालेत. तुमच्या वेळच्या रेल्वेसारखं नव्हे, की आधी कारकुनी आणि मग संध्याकाळी खेळ. खेळणं हीच नोकरी. मुलींचेसुद्धा संघ आहेत. कॉलेजांतल्या चांगल्या मुलींची यादी करतात, मग सगळ्या संघांची माणसं एका खोलीत बसून पाळीपाळीनं एकेक नाव उचलतात. ज्यांना उचललं त्या गेल्या, राहिल्या त्या राहिल्या. अशाच एका संघानं पाठवलेला एक तरुण मनुष्य सोमवारी आपल्या कॉलेजात आला. चेन्नईचा. गावोगाव हिंडून गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत पुढे नेणारे खेळाडू, पाहायचे आणि मोठ्या खेळात कोण टिकेल ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. हातात पाटीएवढं यंत्र, त्यात प्रत्येक मुलीचा प्रत्येक सामना. कुणी किती पास दिले, कुणाच्या हातून किती चेंडू गेले, सगळं. तरी तीन मुलींवर येऊन त्याचं अडलं होतं, आणि आपल्या कॉलेजातून त्याला एकच नाव पाठवायचं होतं. त्या तिघींत आपली नात होती.

पोरांना खेळ शिकवायच्या तुमच्या जागी आता बाई आहेत, सगळे त्यांना मॅडम म्हणतात, आणि मला इथल्या रीतीनं आदरानं अय्या. कोर्टाच्या रेषा मारण्यात आणि चेंडूत हवा भरण्यात माझी नोकरी गेली, आणि ती संपली तरी संध्याकाळी मी तिथंच जाऊन बसतो, हे त्यांना ठाऊक आहे. त्या त्याला म्हणाल्या, "आमच्या अय्यांना पाठ करून बसवा. ते बघत नाहीत, ऐकतात." त्याला हसू आलं. मला वाटलं माझी टर उडवणार, पण तो म्हणाला, "बरं झालं. माझ्या यंत्राला कान नाहीत. तुमचे द्या, अय्या."

मग तुमचं ते स्टूल आणलं. तेच, एक पाय बदललेला आहे. कडुनिंबाकडे तोंड आणि कोर्टाकडे पाठ करून मी बसलो. मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या, कोण कितवी ते मला कळू दिलं नाही, आणि मुलींना बजावलं की खेळताना तोंडातून शब्द काढायचा नाही. तुमचा सगळा नियम तसाच पाळतात. डोळे लबाड असतात असं तुम्ही म्हणायचात. डोळे उंची बघतात, रंग बघतात, कोण कुणाचं पोर ते बघतात. कानाला नातं कळत नाही. आणि गार्ड म्हणजे पंगतीत वाढणारी थोरली सून, कुणाच्या पानात काय संपलं ते मान न वळवता तिला माहीत असावं लागतं, तिचा हात डळमळला की सगळी पंगत उपाशी, हेही तुमचंच. त्या मनुष्याला मी आपली नात तिघींत आहे हे सांगितलं नाही. मॅडमही बोलल्या नाहीत. पाठ वळवली की नातं संपलं, हाच आपल्या कोर्टाचा कायदा.

पहिली आली. चेंडू शिवणयंत्रासारखा एकसारखा, पण बूट फरफटत होते, वळायला वेळ लागत होता. दुसरीचा चेंडू उखळात मुसळ पडावं तसा, दणकट, पण वेग एकच, तो तिला बदलता येत नव्हता. तिसरीचा उजवा हात ऐकून मला बरं वाटलं, कान धुतल्यासारखे झाले. मग मॅडमनी तिला अडवायला एक मुलगी अंगावर सोडली. तिसरीनं चेंडू डाव्या हातात घेतला, टप, टप, आणि मधेच एक भोक. मग पुन्हा टप. दुसऱ्यांदा तेच. पाच वेळा समोरची अंगावर आली आणि पाचही वेळा तेच भोक. मी पाठ न वळवता म्हणालो, "दुसरी घ्या. तिसरीचा डावा हात तुटतो. अंगावर कुणी आलं की भांबावते. मोठ्या खेळात टिकायची नाही."

त्यानं विचारलं, "खात्री, अय्या?"

"माझ्या वडलांनी घडवलेले कान आहेत," मी म्हणालो. किती ऐटीत म्हणालो, आप्पा.

"माझ्या यादीत तिसरी पहिली होती," तो म्हणाला आणि यंत्रावर बोटानं काहीतरी केलं. मी स्टूल फिरवलं. तिसरी मुलगी गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून धापा टाकत होती. वेणी पुढे आलेली. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. आपलीच होती.

घरी तिच्याच स्कूटरवर मागे बसून आलो. जुन्या बसस्टँडपाशी सिग्नलला थांबलो तेव्हा हेल्मेटमधून म्हणाली, "ताता, तो गॅप मी मुद्दाम ठेवते." सगळी पोरं आजोबांना इथल्यासारखं ताताच म्हणतात, तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, "मुद्दाम कोण चुकतं?" तर म्हणाली, "सरी, असू दे, धरून बसा," आणि गाडी अशी सोडली की माझी काठी पडता पडता राहिली.

सुनेला तिनंच सांगितलं. सून डांगरपचडीसाठी उडदाचं पीठ ताकात कालवत होती, तिचा हात तसाच पातेल्यात राहिला. "मामंजी, आपल्या पोरीला नको म्हणालात? तुमच्या तोंडून आलं ते?" मुलगा पापनाशमच्या ऑफिसातून नुकताच परतला होता, तो बूट काढता काढता म्हणाला, "अगं, त्यांना दिसलं कुठं?" आणि मी ओरडलो. मी कधी ओरडतो का? पण ओरडलो, "माझी पाठ होती! तिसरी कोण ते मला काय माहीत!"

आप्पा, ते वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडलं आणि मी जागच्या जागी गार झालो. कारण ते माझं नव्हतंच. ते तुमचं होतं. याच घरात, चुलीपाशी तुम्ही पाटावर बसलेले आहात, आई रसम वाढते आहे, मी दाराआड उभा आहे, अठरा वर्षांचा, अकरावीला दोनदा नापास झालेला. त्या दिवशी रेल्वेचे साहेब गार्ड निवडायला आले होते. तीन मुलं होती आणि तुम्ही स्टुलावर पाठ करून बसला होता. "तिसऱ्याचा डावा हात तुटतो, सोडा त्याला," असं तुम्ही म्हणालात, आणि तिसरा मी होतो. आईनं विचारलं, "पोटच्या पोराला असं बोललात?" तुम्ही घास न थांबवता म्हणालात, "माझी पाठ होती. तिसरा कोण ते मला काय माहीत." आईनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मीही नाही. त्या आठवड्यात तुम्ही कुंभकोणमहून माझ्यासाठी पांढरे कॅनव्हासचे बूट आणलेत. एक नंबर मोठे होते. अठराव्या वर्षी पाय वाढत नाहीत हे तुम्हाला माहीत नव्हतं का? मी पुढे कापूस घालून ते वापरले, चुना मारताना. ते बूट का आणलेत ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी आयुष्यभर असं धरून चाललो की तुम्हाला खरंच माहीत नव्हतं. ते धरल्यावर मला तुमच्याबरोबर जेवता आलं.

काल सकाळी गच्चीवर गेलो. ती रोज उजाडता उजाडता तिथं चेंडू घेऊन असते. मला बघून थांबली नाही. मी म्हटलं, "दाखव बरं, काय मुद्दाम करतेस ते."

"बघून कळायचं नाही. समोर उभे राहा."

"पडलो तर?"

"धरते की. अंगावर या, ताता. आले की मला अडवा."

पंचाहत्तरीचा म्हातारा काठी कठड्याला लावून नातीला अडवायला उभा राहिला, समोरच्या गच्चीवरची बाई कपडे वाळत घालायची थांबून बघायला लागली. नात डाव्या हातानं आली. टप, टप. मी त्या बाजूला सरकलो. आणि तिनं चेंडू तळव्याखाली जरासा रोखला. तेच ते भोक. तेवढ्यात माझं सगळं अंग, मी न सांगता, दुसऱ्या पायावर गेलं, आणि ती माझ्या बाजूनं निघूनही गेली. मी तोल जाऊन पडणारच होतो, तिनं मागून दंड धरला. आप्पा, भोक तिच्या हातात नव्हतंच, ते माझ्या पायात होतं. समोरच्याचा पाय चुकावा म्हणून ती चेंडू थांबवते. तुटला म्हणून नव्हे. आताचे सगळे मोठे गार्ड हेच करतात म्हणे. आपण जन्मभर एकसारखा चालणारा हात चांगला म्हणत आलो, आणि खेळ कधीच पुढे निघून गेलाय. आपल्या कानांना काय ऐकायचं तेच माहीत नव्हतं. मी गच्चीवर खालीच बसलो. ती पाणी घेऊन आली. रडली वगैरे नाही. म्हणाली, "त्या सरांच्या यंत्रात कळतं ते. म्हणून मी पहिली होते."

माझं काय होतं ते विचाराल. माझा डावा हात तुटायचा तो भीतीनंच. मुद्दाम वगैरे काही नाही, मला तेवढी अक्कल नव्हती. तुम्ही माझ्याबद्दल खरंच बोललात, त्याबद्दल मी भांडत नाही.

त्या मनुष्याचा नंबर मॅडमकडून कागदावर लिहून आणला आहे. शुक्रवारी दुपारी तो नाव पाठवणार, आज बुधवार. फोन मी करणारच आहे, ते ठरलं. माझे कान जुने आहेत, तुमच्या यंत्राचं ऐका, हे त्याला सांगायला मला लाज नाही. पण तो एक गोष्ट नक्की विचारेल: अय्या, ती तुमची कोण, आणि ती आहे हे तुम्हाला माहीत होतं का? सकाळपासून चार वेळा फोन हातात घेतला आणि तिथंच अडतो.

माझी खाट जिन्याखालच्या खोलीत आहे. वर गच्ची. सहा वर्षं रोज सकाळी तो चेंडू माझ्या डोक्यावर पडतो आहे. माझा स्वतःचा खोकला मी जसा ओळखतो तसा मी तो ओळखतो. सोमवारी तिसरी मुलगी आली तेव्हा दुसऱ्याच टप्प्याला मला कळलं होतं. कळूनच मी बोललो. तिची बाजू घेतली असं होऊ नये म्हणून बोललो, की ती त्या संघाबरोबर इतक्या लांब जाऊ नये म्हणून, ते मला खरंच सांगता येत नाही, आणि त्याचीच भीती वाटते आहे. घरात कुणाला हे सांगितलेलं नाही.

कानाला नातं कळतं, आप्पा. माझा चेंडूही तुम्ही रोज अंगणात ऐकत होता. तुम्हाला माहीत होतं का? असलं तर ते माझ्यासाठी बोललात की स्वतःसाठी? एवढंच कळवा. जमलं तर शुक्रवारच्या आत कळवा.