आवाजाचा बॅकअप

३ मार्च, मंगळवार

लॅपटॉप देऊन टाकला. पहिला माझाच! ठराव माझा होता — युनियनच्या सगळ्या मशीनवर यापुढे खुली सिस्टीम, फुकटची, कुठल्याही कंपनीच्या मालकीची नसलेली. जुनी मशीन पुसून शाळेला द्यायची. सरचिटणीसालाही सवलत नाही, हे वाक्यसुद्धा मीच घातलं होतं. "जे अवजार आपल्याला उघडून बघता येत नाही, ते आपलं नाही!" टाळ्या पडल्या होत्या. आज ते वाक्य आठवलं, तर दुसऱ्याच कुणाचं वाटलं.

कॉम्प्युटरवाला विचारत होता, "ताई, बॅकअप घेतलाय ना?" घेतलाय. जुनं मशीन स्वतःच रोज घ्यायचं, बाहेरच्या डिस्कवर. "नव्यावर एकदा उघडून बघितलात का?" त्यात बघायचंय काय? आहे म्हणजे आहे. "बघा हं, ताई," म्हणाला आणि लॅपटॉप पिशवीत घातला.

घसा तसाच बसलेला. वर्ष होत आलं. उद्या तपासणीचा निकाल.

४ मार्च, बुधवार

निकाल वाईट आहे.

५ मार्च, गुरुवार

काल एवढंच लिहून वही मिटली. आज जमेल तेवढं.

स्वरयंत्र काढायचं. पूर्ण. १७ तारखेला. सर्जनबाई तरुण आहेत, घाईत नव्हत्या. मानेला छिद्र असेल, श्वास तिथून. नवऱ्याने विचारलं, "आणि बोलणं?" त्या म्हणाल्या, "आत्तासारखं नाही. पण मार्ग आहेत." टेबलावर प्लास्टिकचा घसा होता, मधोमध उघडणारा. मी तो उघडला आणि बंद केला. परत उघडला. मनात आलं, हा तरी उघडून बघता येतो! हसू आलं. नवऱ्याने माझ्या हातातून तो काढून घेतला, शाळेत पोराच्या हातातलं खेळणं काढून घ्यायचा तसा. भूगोलाचा मास्तर — निवृत्त झाला तरी हात मास्तरचाच.

जन्मभर पुस्तकं वाचली. पुस्तकांत अशा वेळी माणसं खिडकीबाहेर बघतात आणि त्यांना काहीतरी उमगतं. मला काही उमगलं नाही. येताना बसमध्ये बसायला जागा मिळाली, एवढं कळलं.

६ मार्च, शुक्रवार

ऑपरेशननंतर बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, माणसाचं जुनं बोलणं रेकॉर्ड केलेलं असेल तर त्यातून हुबेहूब तसाच आवाज तयार करता येतो. मी टाइप करायचं आणि फोनमधून मी बोलणार. माझ्याच आवाजात. फक्त रेकॉर्डिंग घसा बसण्याआधीचं हवं, स्वच्छ.

नवरा खुर्चीतून उठलाच. "बाई, हिच्या भाषणांचं गोदाम आहे! किती पोती देऊ?"

खरंच आहे. कारखान्याच्या गेटवरचं प्रत्येक भाषण आम्ही रेकॉर्ड करतो, उद्या कंपनीने शब्द फिरवले तर आपल्याकडे असावं म्हणून. पण ठेवायचं एकाच ठिकाणी, माझ्या लॅपटॉपवर, कुलूपबंद. सभासदाच्या फोनमध्ये युनियनचं भाषण सापडलं की त्याची नोकरी गेलीच. तो नियमही माझाच. घरीसुद्धा काही नाही. घरी मी बोलते कुठे? घरी मी वाचते किंवा झोपते.

तर सगळं डिस्कवर. नवऱ्याने वाटेत दोनदा शीळ घातली. मला बरं वाटायला हवं होतं.

७ मार्च, शनिवार

डिस्क नव्या लॅपटॉपला लावली. पडद्यावर आलं — ही डिस्क वापरण्यासाठी आधी तयार करावी लागेल. करू का? मी "हो" म्हटलं. मला वाटलं, वाचायची तयारी करतोय. मग दाखवलं — डिस्क रिकामी आहे, बॅकअप सुरू करू का? परत "हो". साहेब असो की यंत्र, मला उत्तर लगेच द्यायची सवय. त्या नव्या कोऱ्या लॅपटॉपने मग आपली रिकामी झोळी इमानदारीने तिथे उतरवून ठेवली.

नवरा आंघोळ करून आला. "मिळाली का भाषणं?"

"पुसली गेली वाटतं."

"वाटतं म्हणजे? काय लिहिलं होतं ते वाचलंस का तू?"

"वाचलं."

"मग?"

"मग हो म्हटलं."

तो टॉवेल खांद्यावर टाकून उभा होता. खाली फरशीवर पाणी ठिबकत होतं. ते पुसायला हवं, असं मला वाटत राहिलं.

९ मार्च, सोमवार

आज नवराच धावला. मी बरोबर होते, सामानासारखी.

आधी शाळा. जुना लॅपटॉप वाचनालयाच्या टेबलावर, त्यावर आमची खुली सिस्टीम, पडद्यावर नकाशा. कॉम्प्युटरवाल्याने फोनवर सांगितलं, "ताई, पुसा म्हटलं की मी पुसतो हो. मागे काही ठेवत नाही. तुम्हीच तर म्हणाला होतात." मीच म्हणाले होते.

मग डिस्कमधलं गेलेलं परत काढणारा दुकानदार. अर्ध्या टकलाचा, सावकाश बोलणारा. त्याने तासभर खटपट केली. "तुकडे आहेत मावशी. पण सगळे कुलपात आहेत, आणि कुलूपच पुसलं गेलंय. किल्ली असून उपयोग नाही." नवरा म्हणाला, "आणखी कुणाला दाखवलं तर?" तो म्हणाला, "दाखवा ना. पण मलाच विचाराल तर, नका दाखवू."

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "तुला काहीच वाटत नाहीये का गं?"

वाटायला हवं ना! मी आत हात घालून बघते. भुसा भरलाय.

१० मार्च, मंगळवार

नणंदेचा फोन. "वहिनी, जन्मभर लोकांना ऐकवलंस. आता जरा आमचं ऐकशील!" आणि स्वतःच हुंदके द्यायला लागली. मी नवऱ्याकडे फोन दिला. बहीण-भाऊ रडले. मी कपाट आवरलं.

११ मार्च, बुधवार

ऑफिसात शेवटचं जाऊन आले. चौघी आल्या होत्या — औषधांच्या कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या, ज्यांच्यासाठी आमची केस चालू आहे. रात्रपाळीत कंपनी शटरला बाहेरून कुलूप लावते. आग लागली तर कुठून पळायचं, असं विचारून या चौघींनी हात थांबवले. दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं. सुनावणी पुढच्या महिन्यात. तिथे आता खजिनदार बोलणार.

चौघींतली थोरली म्हणाली, "बाई, खजिनदार चांगला माणूस आहे. पण तो बोलायला लागला की समोरच्याला झोप येते."

"मलासुद्धा येते," खजिनदार म्हणाला.

सगळे हसले. थोरलीने माझा हात धरून ठेवला. तिचा हात गरम होता. माझा कसा होता, कुणास ठाऊक.

बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणतात, आत्ताचा बसका आवाज तरी रेकॉर्ड करू, हुबेहूब नाही पण काहीतरी होईल. नको म्हणाले. हा फाटलेल्या पत्र्याचा आवाज माझा नाही.

१३ मार्च, शुक्रवार

तपासणीसाठी रक्त द्यायला हॉस्पिटलात गेले. नवरा पावती करायला खाली गेला होता. बाकावर शेजारी कोण येऊन बसावं? कंपनीचा कामगार अधिकारी! इस्त्रीचा शर्ट, हातात संत्र्यांची पिशवी.

"बाई, ऐकलं मी. फार वाईट वाटलं."

मी मान हलवली.

"तुमची रेकॉर्डिंग गेली म्हणे." ऑफिसातली गोष्ट कंपनीत पोचायला दोन दिवस लागले. पूर्वी एक लागायचा. "आमच्याकडे आहेत, बाई. सगळी. आमचा माणूस गेटवर कॅमेरा घेऊन असायचा ना — तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून. आवाज इतका स्वच्छ आहे! मी परवा एक ऐकलं. अंगावर काटा आला."

त्या कॅमेऱ्याकडे बघूनच बोलायचे मी. मुद्दाम. म्हणून स्वच्छ.

"बदल्यात?" मी विचारलं. घोगरं, कसंबसं.

"बदल्यात कशाला म्हणायचं? समजूतदारपणा. चौघींचा अर्ज मागे घ्या. पैसे देऊ आम्ही त्यांना, चांगले देऊ. नोकरी तेवढी नको."

"शटर?"

"मग शटरचा विषयच निघत नाही, बाई."

नवरा जिन्यात दिसला तसा तो उठला. सोमवारपर्यंत कळवा म्हणाला. संत्री बाकावरच.

आणि तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा आत काहीतरी हललं. भुशाखाली जिवंत काहीतरी. ओळखायला वेळ लागला. हाव होती ती! मला माझा आवाज हवाय.

१४ मार्च, शनिवार

कुणाला सांगितलेलं नाही. संत्री कुणी दिली, नवऱ्याने विचारलं. — युनियनमधल्या एकाने, म्हणाले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणेल, घे. चौघींना सांगितलं तर त्याही म्हणतील, घ्या. म्हणजे ज्यांचं जाणार त्याच हो म्हणतील. म्हणून सांगायचं नाही.

दुपारभर मनात दोन्ही बाजूंनी भाषण केलं. चौघींना पैसे तर मिळतातच. केस हरलो तर तेही नाहीत. आवाज असला तर मी आणखी शंभर शटरं उघडेन. "घे"च्या बाजूचं फारच उत्तम झालं. टाळ्या पडल्या असत्या.

१५ मार्च, रविवार

सर्जनबाईंनी बजावलंय, घशावर ताण नको, नाहीतर उरलाय तोही आवाज आधीच जाईल. दिवसभर खुणांनी बोलले. नवऱ्याला माझ्या खुणा कळत नाहीत. मीठ मागितलं, त्याने खिडकी लावली.

संध्याकाळी तो माझ्या पायथ्याशी येऊन बसला. "गेटवरचं गेलं ते जाऊ दे. मला आत्ताच्याच आवाजात काहीतरी बोलून ठेव. काहीही. मला शिव्या दे हवं तर."

हा आवाज तुला काय करायचाय, असं विचारलं.

"वर्षभर घरात हाच आहे की गं. मला दुसरा आता आठवतही नाही."

उद्या बोलेन म्हणाले. उद्या संध्याकाळी, नीट, तुझ्याशी. त्याने फोन चार्जिंगला लावून ठेवला. उद्यासाठी.

१६ मार्च, सोमवार

नवरा हॉस्पिटलचं सामान आणायला बाहेर पडला तेव्हा अधिकाऱ्याला फोन लावला.

"नको," म्हणाले.

"हॅलो? बाई, ऐकू येत नाही. मोठ्याने बोला."

"नको."

"आवाज तुटतोय तुमचा. काय म्हणालात?"

मग ओरडले! गेटवर ओरडायचे तशी. नको! चौघी कामावर जातील! कुलूप निघेल! जे काही उरलं होतं ते सगळं त्यात गेलं. पत्रा फाटत गेला टोकापर्यंत.

या वेळी त्याला ऐकू गेलं. मग "ठीक आहे, बाई. तब्येतीला जपा."

१७ मार्च, मंगळवार

काल संध्याकाळी तो फोन धरून समोर बसला, आणि मी तोंड उघडलं, तर नुसती हवा. "राहू दे, सकाळी बघू," म्हणाला. सकाळीही हवा. आता स्ट्रेचर घेऊन आलेत. त्याला वाटतंय, दुखणंच वाढलं. माझं शेवटचं बोलणं कुणी ऐकलं ते त्याला माहीत नाही, आणि मी लिहूनही कळवणार नाही. रडू आलंय — अखेर आलंय, थांबत नाहीये. तो माझे डोळे पुसतोय आणि म्हणतोय, घाबरू नकोस.